राजीखुशीची ओळ

अजूनही एखाद्या कागदावर 'राजीखुशीने' हा शब्द दिसला की मी तो कागद दूर सारतो. परवा नातवाच्या दुकानाची भाडेचिठ्ठी आली. साक्षीदार म्हणून मला सही करायला बसवलं, तर तिथंही तो शब्द होताच. सही वाकडी गेली. सून म्हणाली, "मामा, वयानं होतंय तसं." मी म्हटलं, हो बाई, वयानंच. तिला काय सांगणार? कागदातल्या एका ओळीला मी भितो म्हटलं तर म्हणेल, म्हाताऱ्याचं काही खरं नाही आता.

मी भित्रा माणूस आहे हे आधीच सांगून टाकतो. पुढं ऐकून तुम्ही मला शिव्या घालणारच आहात, त्या आतापासून घाला. पण ज्यांनी मला ती ओळ दाखवली ते शूर होते असंही समजू नका. तेही भ्यायचे, माझ्यापेक्षा जास्तच भ्यायचे. त्यांचं नाव रहमतुल्ला. सगळा तालुका त्यांना मुन्शीजी म्हणायचा.

मोगलाईचे, म्हणजे हैदराबादच्या नवाबी राज्याचे दिवस होते. आमच्या तालुक्याच्या कचेरीसमोर एक जुनी चिंच होती आणि चिंचेपासून साठ-सत्तर पावलांवर एक दगडी विहीर. चिंचेखाली दोन चटया असायच्या. एकीवर मी, स्टांपाचे कागद विकणारा. दुसरीवर मुन्शीजी, ते कागद लिहिणारे. खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटणीपत्र, दत्तकपत्र, फारकत, काय म्हणाल ते. कारभार सगळा उर्दूत. तीर्थपुरीकडचा शेतकरी असो की आष्टीच्या बाजूचा धनगर असो, त्याला त्या कागदातलं एक अक्षर कळायचं नाही. कागद उलटा धरलाय की सुलटा, तेसुद्धा नाही. मुन्शीजी लिहायचे, मराठीत वाचून दाखवायचे, आणि त्या बोलण्यावर भरवसा ठेवून माणूस अंगठा उठवायचा. आपलं शेत आपल्या हातून चाललंय की आपल्याकडं येतंय हे त्याला फक्त मुन्शीजींच्या तोंडावरून समजायचं.

तोंड लांबट, गालफडं बसलेली, दाढी कमी आणि काळजी जास्त. शेरवानीला दोनच बटणं उरली होती, ती ऐन वैशाखातही लावलेली असायची. बोरूच्या लेखण्या सकाळी स्वतः तासायचे आणि तासताना त्यांच्याशी बोलायचे, "चल बेटी, आज बराबर चाल, काल लई लंगडलीस." शाई घरीच काजळ आणि डिंक घोटून करायचे. अंगठा देणाऱ्याला दर वेळी, न चुकता सांगायचे, "थंड पाण्यानं धू बाबा. गरम पाण्यानं धुतलास तर डाग पक्का होतो." हे खरं की खोटं मला ठाऊक नव्हतं, पण हे मी हजारदा ऐकलं असेल.

स्वतःच्या बाबतीत मात्र या माणसाला काही म्हणता काही ठरवता यायचं नाही. पेरूवाली समोर येऊन टोपली ठेवायची. "कोणता देऊ, मुन्शीजी?" हे एक उचलायचे, ठेवायचे, दुसरा उचलायचे, मग केविलवाणा चेहरा करून म्हणायचे, "माय, तुजी मर्जी असंल तो दे." ती सगळ्यात हिरवा, दगडासारखा पेरू हातात द्यायची आणि हे तो संध्याकाळपर्यंत चावत बसायचे. मी हसायचो. दुनियेला मर्जी विचारणारा माणूस आणि स्वतःला एक पेरू निवडता येईना!

दुनियेला मर्जी विचारणारा असं म्हणालो त्याचं कारण सांगतो. प्रत्येक दस्ताच्या शेवटी एक ठरलेली ओळ असायची. हे मी माझ्या राजीखुशीनं, होशात असताना, कुणाच्याही जबरदस्तीशिवाय लिहून देत आहे. बाकीचे लिहिणारे ती ओळ डोळे मिटून घालायचे. मुन्शीजी सगळा कागद लिहायचे आणि त्या ओळीपुरती जागा कोरी सोडायचे. मग दौतीवर झाकण ठेवायचे आणि सोबत आलेल्या माणसांना म्हणायचे, "आता तुमी समदे जरा विहिरीपलीकडं जावा."

भाऊ असो, सासरा असो, पाटील असो, सगळ्यांना हेच. आवाज बारीक, पण हलायचे सगळे. ते पलीकडं पोचेपर्यंत मुन्शीजी बोलायचे नाहीत. मग देणाऱ्या माणसाला लोट्यातलं पाणी पाजायचे आणि विचारायचे, "आता हितं तू आन मी. स्टांपवाल्याला धरू नको, त्यो बहिरा हाय. सांग, राजी हाइस का?"

मी बहिरा! आठवड्यातून दहा वेळा मला बहिरं करायचे. मीही इमानानं तोंड फिरवून कान टोकरत बसायचो. आणि ऐकायचो सगळं.

गंमतही व्हायची. तीर्थपुरीकडचा एक गडी आल्ता, चाळिशीचा, चांगला पैलवानासारखा. आपला वाटा थोरल्या भावाच्या नावानं सोडून देत होता. थोरला विहिरीपलीकडं उभा. मुन्शीजींनी विचारलं, "राजी हाइस का?"

"म्हंजी?"

"म्हंजी तुज्या मनात हाय का द्यायचं?"

"मनात?" त्यानं पागोटं काढलं, डोकं खाजवलं, परत पागोटं घातलं. "थांबा मुन्शीजी. जरा इचारून येतो."

"कुणाला?"

"थोरल्याला."

"काय इचारणार त्याला?"

"हेच की, मी राजी हाय का म्हणून."

आणि गेला की खरंच! मी हसून हसून आडवा झालो. मुन्शीजी हसले नाहीत. लेखणी पुसत म्हणाले, "नारायणराव, हसून राह्यलात. कालचं नवं उपरणं तुमी कुणाला इचारून घेतलं?"

माझं हसू तिथंच थांबलं. दादाला विचारून घेतलं होतं. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमच्या घरात काय शिजायचं, कुणी कुठं जायचं, माझ्या पोराचं नाव काय ठेवायचं, सगळं दादा ठरवायचा. तो ओरडायचा नाही, मारायचा नाही, नुसता बघायचा. तेवढ्यानं माझी जीभ टाळूला चिकटायची. मी तिशी ओलांडलेला, दोन लेकरांचा बाप, आणि दादाच्या चपलांचा आवाज आला की उठून उभा राहायचो. आता दादा नाही. पण चपला वाजल्या की अजून पाय आपोआप हलतात.

उपरण्याचा राग मनात होताच. दुसऱ्या दिवशी मी डिवचलं. "मुन्शीजी, तुम्ही भावाला विहिरीपलीकडं पाठवता. पण भुकेला माणूस शेत देतो तेव्हा त्याच्या पोटाला कुठं पाठवणार? ते तर सोबतच बसलेलं असतं झाडाखाली. त्याची जबरदस्ती न्हाई का?"

ते बोरू तासत राहिले.

"हाय ना," ते म्हणाले. "पोटाची हाय, आभाळाची हाय, जातीची हाय, नशिबाची हाय. ती मला हटवता येत न्हाई. मला फक्त माणसं हटवता येतात. साठ-सत्तर पावलं. तेवढीच जागा हाय नारायणराव माणसाला. ती तरी त्याला भेटू द्या."

ही रीत कुठून लागली ते मला पुढं एका पावसाळी दुपारी कळलं. मुन्शीजी नवे होते तेव्हा एका म्हातारीचा कागद त्यांनी लिहिला होता. पुतण्यांनी तिला धरून आणलं होतं. न विचारता त्यांनी ओळ घातली, तिनं अंगठा दिला. पुढच्या बाजाराला म्हातारी आली, यांच्यासमोर बसली आणि नुसता अंगठा वर करून दाखवला. एक शब्द नाही, शिवी नाही. त्याच्या पुढच्या बाजाराला परत. दीड वर्ष ती येत होती. मग यायची थांबली.

"मेली असंल," मी म्हणालो.

"हौ. पण बाजाराच्या दिशी मी अजून मान खाली घालूनच बसतो." हे सांगताना त्यांच्या ओठांचा रंग गेला होता. तेव्हा मला समजलं की हा माणूस विचारतो तो चांगुलपणा म्हणून नाही. तो भितो म्हणून विचारतो.

पण विचारण्यानं सगळं भलं होतं असंही नाही, आणि ते मी लपवणार नाही. सरूबाई नावाची एक तरणी विधवा होती. दीर तिला घेऊन आला. नवऱ्याच्या वाट्याचा तुकडा ती दिराच्या नावानं करून देणार होती. दीर पलीकडं गेला. बाई पाणी प्याली, तिनं पदर तोंडाला लावला आणि मुन्शीजींनी विचारल्याबरोबर म्हणाली, "न्हाई." इतकं सरळ 'न्हाई' मी त्या झाडाखाली ऐकलं नव्हतं. मुन्शीजींनी कागद फाडला. त्या दिवशी त्यांनी पेरू स्वतः निवडला आणि अर्धा मला दिला.

चार दिवसांनी सरूबाई परत आली. एकटी. डोळ्याखाली काळंनिळं, कपाळावर खोक, हातात एक बोचकं. घराचं दार तिला बंद झालं होतं. आई-बाप कधीच गेलेले. ती झाडाखाली उभी राहिली आणि म्हणाली, "कशाला इचारलं हो मला? कुणी इचारलं नसतं तर तुकडा गेला असता, दार तरी उघडं राह्यलं असतं. तुमी इचारून मोकळे झालात."

मुन्शीजींच्या हातातली लेखणी खाली पडली. त्यांची बायको तेव्हा होती. तिनं बाईला महिनाभर ठेवून घेतलं आणि मग जालन्याला सरकी-कापसाच्या गिरणीत कामाला लावून दिलं. पण मुन्शीजी? त्यांनी विचारणं बंद केलं. दोन महिने ती ओळ ते इतरांसारखी डोळे मिटून घालत होते. कुणी विहिरीपलीकडं जाईना. मला, खरं सांगतो, बरं वाटलं. काम जल्दी उरकायचं.

मग एक दिवस त्यांनी परत दौतीवर झाकण ठेवलं. "आता तुमी समदे जरा विहिरीपलीकडं जावा." मी चकित होऊन बघतोय. त्यांनी पाणी दिलं, विचारलं, आणि या वेळी एक सवाल वाढवला. "आन न्हाई म्हटलंस तर कुठं जाशील, ते बी सांग."

त्या दिवसापासून दोन सवाल झाले. दुसऱ्या सवालाला बहुतेकांकडं उत्तर नसायचं. मग ते राजी व्हायचे. मुन्शीजी ओळ लिहायचे, पण लिहिताना त्यांचं तोंड कडू व्हायचं.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा आला. त्या दिवसांची भीती आता सांगून कळायची नाही. वर्दी घातलेल्या टोळ्या फिरत होत्या. सरकारी फौज नव्हती ती, पण सरकार त्यांना काही म्हणत नव्हतं. आज या गावाला आग, उद्या त्या गावाची गुरं. लोक बैलगाड्या जुंपून हद्दीपलीकडं, वऱ्हाडात चालले होते. बाजार भरायचा पण कुणी मोठ्यानं बोलायचं नाही. माझी बायको-लेकरं दादानं तिकडं पाठवून दिली. मला म्हणाला, तू राह्य, कागद सांभाळ. मी राहिलो. मर्जी कुणी विचारली नाही आणि मीही सांगितली नाही.

एका दुपारी आठ-दहा वर्दीवाले घोड्यांवरून, एका जळालेल्या गावची सहा माणसं घेऊन, झाडाखाली आले. त्यांचा म्होरक्या तरणाच होता, मिशीला पीळ, खांद्याला बंदूक. त्याला कागद हवा होता. गावाला आग चुलीतून लागली, आमची कुणावर तक्रार न्हाई, असं गावकरी लिहून देतात, असा. सहा जणांच्या अंगाला अजून धुराचा वास येत होता. पुढं एक म्हातारा होता. त्याच्या भुवया जळाल्या होत्या.

म्होरक्याचं लक्ष माझ्याकडं गेलं. "ये कौन?"

खोटं कशाला सांगू, धोतर ओलं झालं.

"बहिरा हाय साहेब," मुन्शीजी म्हणाले. "माझा माणूस हाय."

म्होरक्यानं मान फिरवली. आज मी बसून हे सांगतोय ते त्या दोन वाक्यांमुळं.

मुन्शीजींनी कागद लिहिला. शेवटी जागा कोरी सोडली. दौतीवर झाकण ठेवलं. मला वाटलं, नका हो, आज तरी नका! पण तो बारीक आवाज आलाच, उर्दूत, कापत कापत. साहेब, आपण सगळ्यांनी जरा विहिरीपलीकडं जावं, रीत आहे.

म्होरक्या हसला. त्याची माणसंही हसली. गावकऱ्यांना कळावं म्हणून तो मराठीतच म्हणाला, "रीत हाय? मंग इचार की. हितंच इचार, आमच्यासमोर."

मुन्शीजींनी म्हाताऱ्याकडं बघितलं. "बाबा... राजी हाइस का?"

म्हातारा म्हणाला, "हाय जी." बंदुकीकडं बघत म्हणाला. त्याच्यामागं पाचही जण म्हणाले, हाय जी, हाय जी. दुसरा सवाल मुन्शीजींना विचारताच आला नाही. या माणसांची घरं जळाली होती. कुठं जाशील हे कुणाला विचारायचं?

म्होरक्यानं बंदुकीची नळी कागदाच्या कडेला टेकवली. मुन्शीजींनी झाकण उघडलं आणि राजीखुशीची ओळ लिहिली. माझ्या डोळ्यांसमोर लिहिली. सहा अंगठे उठले. खाली लिहिणाऱ्याची सही असायची. मुन्शीजींची सही तालुक्यात नावाजलेली होती, एकाच झटक्यात लेखणी न उचलता केलेली, बघत राहावी अशी. त्यांनी लेखणी खाली ठेवली, आपला अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर दाबला.

"मुन्शी होके अंगठा?" म्होरक्या परत हसला.

"हात काप राहे साहेब. दस्तखत नहीं उठती."

ते गेले. घोड्यांची धूळ खाली बसली. हात कापत होता हे खरं. पण सही करता आली नसती इतका नाही. मी तसं म्हणालो.

"ल्ह्यायला येणाऱ्यानं अंगठा दिला, हे कधी ना कधी कुणी बघंल," ते पुटपुटले. "मंग इचारील, का दिला म्हणून."

"कोण विचारणार आहे मुन्शीजी?"

"कुणीतरी." मग लोटा उचलून त्यांनी अंगठा धुतला. थंड पाण्यानं.

भाद्रपदात भारताची फौज आली आणि चार-पाच दिवसांत सगळं पालटलं. वर्दीवाले वर्द्या विहिरींत टाकून पळाले. आमची माणसं परत आली, पेढे वाटले, मीही खाल्ले. वाटलं, सुटलो. आता भीती गेली. पण भीती गेली नव्हती, तिनं फक्त घर बदललं होतं. आता मुन्शीजींच्या आळीची दारं दिवसासुद्धा बंद राहायला लागली. ज्यांनी काही केलं होतं ते कधीच पळाले होते; उरले होते ते ज्यांनी काही केलं नव्हतं. मुन्शीजी तीन आठवडे चिंचेखाली आले नाहीत. मी त्यांच्या चटईची जागा झाडून ठेवायचो. त्यांच्या दारापर्यंत मात्र एकदाही गेलो नाही. लोक बघतील म्हणून.

आणि मग एका सकाळी ते आले. पुढं दादा, मागं तीन माणसं हातात काठ्या घेऊन, मधे मुन्शीजी, दोन्ही बटणं लावलेली. मला वाटलं, दादानं त्यांना सांभाळून आणलंय. मूर्खासारखा मी आनंदानं उठून उभा राहिलो.

"स्टांप काढ," दादा म्हणाला. "मुन्शी घर देतोय आपल्याला. हैदराबादेला लेकीकडं चाललाय." माझं तोंड बघून खालच्या आवाजात म्हणाला, "आपुन न्हाई घेतलं तर दुसरं कुणी घील, आन त्यो असा सुखानं जाऊ बी देणार न्हाई. आपुन निदान ओळखीचे."

दादा वाईट माणूस होता असं मी म्हणत नाही. त्याला ते मनापासून खरं वाटत होतं. मी स्टांप काढला.

लिहिणारा दुसरा कुणी नव्हताच. स्वतःच्या घराचा कागद मुन्शीजींनी स्वतः लिहिला. पूर्वेला मशिदीची गल्ली, पश्चिमेला आड, आडाजवळ एक डाळिंबाचं झाड, ते धरून. ते डाळिंब त्यांच्या बायकोनं लावलं होतं. ती जाऊन तीन वर्षं झाली होती. अक्षर तसंच, एकही लेखणी लंगडली नाही. शेवटी त्यांनी जागा कोरी सोडली. दौतीवर झाकण ठेवलं. आणि माझ्याकडं बघितलं.

पंधरा वर्षं मी बाजूच्या चटईवर बसलो होतो, मला रीत ठाऊक होती. झाडाखाली बसलेला माणूस स्वतःला विचारू शकत नाही. कुणीतरी बाकीच्यांना हटवावं लागतं. त्या दिवशी हटवू शकणारा मी एकटाच होतो. सरकार माझ्या बाजूचं, फौज माझ्या बाजूची, काठ्यावाले माझ्या आळीतले. मला कुणी बंदूक लावली नव्हती. फक्त म्हणायचं होतं, दादा, तुमी जरा विहिरीपलीकडं जावा.

मी तोंड उघडलं. दादा नुसता बघत होता.

"अरे, त्याची रीत हाय ना ती," दादा म्हणाला. "मंग इचार की. हितंच इचार, आमच्यासमोर."

अगदी तेच शब्द. त्या म्होरक्याचे. दादा तेव्हा इथं नव्हता, त्यानं ते ऐकलेले नव्हते. मी चिंचेकडं बघितलं, विहिरीकडं बघितलं. साठ-सत्तर पावलं. आणि मी, नारायण, कान धड, जीभ धड, होशात असताना, तिथंच दादाच्या समोर विचारलं, "मुन्शीजी, राजी हाइत का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. राग असता तर बरं झालं असतं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दल काळजी होती. मी 'न्हाई' ऐकलं तर माझं काय होईल, मी कुठं जाईन, याची. दुसरा सवाल मी त्यांना विचारला नाही, त्यांनीच तो मनातल्या मनात मला विचारला आणि त्याचं उत्तरही त्यांना कळलं.

"हौ," ते म्हणाले. "राजी हाय."

झाकण उघडलं, ओळ लिहिली. मग लेखणी पुसून डब्यात ठेवली, अंगठा शाईत बुडवला आणि देणाऱ्याच्या जागी एक, लिहिणाऱ्याच्या जागी एक, असे दोन ठसे दाबले. दादाला त्यात काही वावगं दिसलं नाही. त्याला उर्दू येत नव्हतं आणि अंगठे तर सगळेच देतात.

जालन्याला, स्टेशनला जाणारी गाडी कचेरीच्या कोपऱ्यावर उभी होती. एक पेटी, एक वळकटी, तो पितळी लोटा. दादा कागद घेऊन आत गेला होता, म्हणून मी गाडीपर्यंत गेलो. तेवढी हिंमत माझ्यात होती. मी म्हणालो, "मुन्शीजी, पेरू घ्यायचे का वाटेला?"

"तुमची मर्जी," ते म्हणाले आणि थोडंसं हसले.

गाडीत चढताना त्यांचा तोल गेला. त्यांनी आधाराला माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि वर चढले. बसल्यावर त्यांचं लक्ष गेलं. माझ्या पांढऱ्या सदऱ्यावर, खांद्याच्या खाली, काळा अंगठा उमटला होता. ते खजील झाले. आयुष्यभर कुणाच्या कपड्यावर शाईचा थेंब पाडला नव्हता त्यांनी.

"थंड पाण्यानं धुवा नारायणराव," गाडी हलली तसे ते वाकून म्हणाले. "बिलकुल थंड. गरम पाण्यानं पक्का होईल."

मग वळणावर गाडी दिसेनाशी झाली. हैदराबादेहून त्यांचं पत्र आलं नाही, मीही पाठवलं नाही. तो कागद दादाच्या पेटीत होता, आता पुतण्याच्या पेटीत आहे. ल्ह्यायला येणाऱ्यानं अंगठा का दिला, हे आजवर कुणी विचारलेलं नाही.

मी घरी आलो. बायको म्हणाली, काढा तो सदरा, धुऊन टाकते. मी सदरा काढला, पण तिच्या हातात दिला नाही. कुणाला विचारलं नाही, दादाच्या चपला अंगणात वाजत होत्या तरी विचारलं नाही. चुलीवर हंडा चढवला, पाणी खळखळ उकळू दिलं, आणि तो सदरा त्यात बुडवला.